पाणसळ

खोक्यावर छापलंय : आठ इंची चौकोनी भांडं, पस्तीस मिनिटं.
माझा ट्रे पंधरा बाय एकवीस,
उद्यमनगरात पत्रा वाकवून घेतलेला, कड जेमतेम दोन बोटं.
पाच खोकी त्यात रिकामी केली
आणि पाचांवरचंही चित्र एकदम खोटं वाटायला लागलं.

मागच्या रविवारी एकदा फसलेच होते.
कडा खापरीसारख्या,
मधोमध म्हशी धुतल्यावरचा चिखल.
गल्लीतल्या पोरांनी दोन्ही खाल्लं, चमच्यानं आणि दातानं.
पण पेठेच्या टीमची ऑर्डर तशी देता येत नाही.
इंद्रजित सरनाईक सांगून गेलेला :
"पस्तीस तुकडे, वैनी. सगळे सारखे.
कोपऱ्यावरनं भांडणं नकोत.
फायनल आपलीच हाय."

आबा अडतीस वर्षं फौंड्रीत मोल्डर.
केक कधी केला नाही, खाल्ला तो वाढदिवसापुरता.
ट्रेला टिचकी मारून म्हणाले,
"कड आधी तापणार. पत्रा तिलाच चिकटलाय.
मधलं बिचारं लांब पडतंय.
कास्टिंगमधी कड आधी निवती, मधल्या जाडीला शेवटपत्तूर ताप.
रोग त्योच. हितं उलटा आलाय."

मग जुना पंचा फाडला.
लांब पट्टी भिजवून, पिळून
ट्रेच्या चारी बाजूंनी आवळली,
आखाड्यात उतरणाऱ्याचा लंगोट बांधावा तशी.
मधोमध उभा केला एक बोल्ट,
घासलेला, उकळलेला, तूप चोपडलेला, डोकं खाली.
"ह्यो ताप आत नेतोय," म्हणाले.
मी विचारलं, आणि भोक पडंल त्याचं?
"पडू दे की."

भट्टी बाबालालची.
दिवाळीत इथंच आम्ही नानकटाईचे पत्रे घेऊन नंबर लावतो.
संध्याकाळचे पाव निघाले, भट्टी निवायला लागली,
तेव्हा त्यानं हाक मारली.
बोल्टाकडं बघितलं, आबांकडं बघितलं,
"ह्यो बी खायचा काय?"

आबांनी खिशातनं पाणसळ काढली.
पिवळं पाणी, एक बुडबुडा.
भट्टीची फरशी डावीकडं उतरती,
बुडबुडा पळाला उजवीकडं.
कौलाची एक कपची डाव्या अंगाला. पुरली नाही.
अजून एक, नखाएवढी पातळ.
"काच तडकायच्या आत वाच," बाबालाल ओरडला,
आणि आम्ही तिघं, घामानं निथळत,
त्या बुडबुड्याचं तोंड बघत वाकलेलो.
आला. थांबला.

काडी कडेला खुपसली, मध्ये खुपसली, कोपऱ्यात खुपसली.
प्रत्येक वेळी तेवढाच ओला भुगा.
इतकं सपाट मी आयुष्यात काही केलं नव्हतं,
भाकरीसुद्धा नाही.

फायनल गेली. टायब्रेकरला.
धैर्यशीलच्या दोन पायांमधनं.

पोरं तालमीच्या पायरीवर येऊन बसली,
हलगी टेम्पोतच राहिली.
मी फूटपट्टी लावून कापत होते, पाच आडवे, सात उभे,
सुरीचा आवाजसुद्धा जास्त वाटत होता.
कुणी कोपरा मागितला नाही. कुणी मधला मागितला नाही.
जो हाताला लागेल तो उचलत गेले
आणि शेवटी एकच राहिला, मधोमधला,
बोल्टाच्या भोकाचा.
धैर्यशीलनं तो उचलला. डोळ्यापुढं धरला.
भोकातनं आम्हाला बघितलं.
"वैनी, माझ्यातच भोक?"

कुणी तरी आधी खोकल्यासारखं हसलं.
मग इंद्रजित. मग सगळी पायरी,
मग तोच, तोंड भरलेलं, डोळे भरलेले,
चॉकलेट हनुवटीवर.

आबा म्हणाले, "त्या भोकापायीच बाकीचं भाजलंय."
ऐकलं कुणीच नाही.
तोवर दुसऱ्या गोलाच्या ऑफसाइडवरनं जुंपली होती.

पैसे अजून यायचेत.
बोल्ट आबांनी धुऊन परत नेला.